सापाला हात न लावता पाळता येईल का?

डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना अकरा जिवंत साप सापडले. बिस्किटे आणि केकच्या पुड्यांमध्ये ते लपवलेले होते. त्यांत नऊ बॉल पायथन होते आणि दोन कॉर्न स्नेक. बॉल पायथन हा आफ्रिकेतला लहान अजगर. त्याच्या व्यापारावर ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे, त्यामुळे त्याच्यासाठी कायदा लगेच हाताशी येतो. उरलेल्या दोघांचे तसे नाही. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी, नारिंगी-तांबड्या पट्ट्यांचा देखणा साप. तो साइट्सच्या यादीत नाही, आणि परदेशी असल्यामुळे आपल्या वन्यजीव कायद्याचे जे संरक्षण नागाला किंवा धामणीला मिळते तेही त्याला नाही. नवशिक्याने पाळायला सर्वांत सोपा साप, अशी मात्र त्याची जगभर ख्याती आहे. मोबाइलवरच्या चित्रफितींबरोबर ती ख्याती आता महानगरांबाहेर, तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. हातात गुंडाळून घेतलेले वीतभर पिल्लू, शेजारी हसरा चेहरा आणि खाली किंमत. हा साप सोपा आहे हे खरे. तो कोणासाठी सोपा आहे, हे तपासायला हवे.

तपासणीसाठी मराठवाड्यातल्या सिल्लोडइतके चांगले ठिकाण दुसरे नाही, कारण सिल्लोड हा मक्याचा तालुका आहे. अजिंठ्याच्या डोंगराखालची खरिपाची कितीतरी जमीन मक्याने भरते, दिवाळीच्या आगेमागे बाजार समितीच्या आवारात पिवळे ढीग लागतात, आणि जिथे धान्य तिथे उंदीर हे ओघानेच आले. अमेरिकेतही कॉर्न स्नेक मक्याच्या कोठारांच्या आणि शेतांच्या आसपास उंदरांच्या मागावर फिरत आला आहे. वरवर पाहता हे पिल्लू सिल्लोडच्या एखाद्या घरात सहज रुळावे. पण ते रुळण्यासाठी काय करावे लागते याचे नियम एकापुढे एक मांडले, की वेगळेच चित्र उभे राहते. हे नियम सापांच्या विरोधकांनी लिहिलेले नाहीत. वर्षानुवर्षे हा साप पाळणाऱ्यांनी आणि त्याची पैदास करणाऱ्यांनी ते अनुभवातून ठरवले आहेत. त्या सगळ्यांचा सारांश एवढाच निघतो की या प्राण्याला जितके एकटे सोडाल तितका तो सुखी राहील. ज्या हौसेपोटी तो विकत घेतला जातो, नेमक्या त्या हौसेच्या विरुद्ध जाणारी ही साक्ष आहे.

पहिल्या आठवड्याचेच घ्या. नुकतेच आणलेले पिल्लू पेटीत सोडावे आणि पाच ते सात दिवस त्याला हात लावू नये, खायलाही देऊ नये, असा सर्वमान्य संकेत आहे. पेटीत लपायच्या दोन जागा हव्यात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. त्याही अशा अरुंद की अंगाला चारही बाजूंनी स्पर्श व्हावा, कारण उघड्यावर पडलेल्या पिल्लाला आपण कोणाचे तरी भक्ष्य होणार एवढेच कळते. पाण्याचे वाटीएवढे भांडे, तळाला सुरुवातीला साधा कागद, झाकणाला पक्की कडी. डोके जिथून जाईल तिथून अख्खा साप जातो, त्यामुळे पेन्सिलीएवढी फटही त्याला पुरते. आठवडा उलटल्यावर उंदराचे केस न आलेले पिल्लू द्यायचे, तेही सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा फार मोठे नको. त्याने ते गिळले की पुढचे दोन दिवस पुन्हा हात लावायचा नाही, नाहीतर तो भक्ष्य उलटून टाकतो. काही ग्रॅम वजनाच्या पिल्लाला एक उलटी फार महागात पडते; त्यानंतर आठ-दहा दिवस पोटाला विश्रांती द्यावी लागते, आणि तेच दोन-तीनदा घडले तर पिल्लू दगावू शकते. असे दोन-तीन घास नीट पचले, की मग कुठे काही मिनिटांपुरते त्याला हातात घ्यावे असे जाणकार सांगतात.

म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी पहिले तीन-चार आठवडे मालकाने रिकाम्या दिसणाऱ्या पेटीकडे पाहत बसायचे. पुढेही फार फरक पडत नाही. हा साप संधिप्रकाशात आणि रात्री हिंडणारा. दिवसभर तो आडोशाखाली असतो. कात टाकायची वेळ आली की त्याचे डोळे दुधाळ निळसर होतात, दिसणे मंदावते, आणि त्या दिवसांत त्याला छेडणे आणखी वाईट. पिल्लू वाढत असताना कात वरचेवर टाकली जाते. दर पाच-सात दिवसांनी एक जेवण आणि प्रत्येक जेवणामागे दोन दिवसांची हातबंदी धरली, तर हाताळण्यासाठी उरणारा अवधी किती तोकडा आहे हे कळते. शहाणा पाळणारा हे पाळतो. ज्याने चित्रफीत पाहून, मित्रांना दाखवण्यासाठी पिल्लू घेतले आहे, तो पहिल्याच संध्याकाळी डबा उघडतो. दोघांमधला हा फरक स्वभावाचा नाही. बाजाराने जे दाखवून पैसे घेतले ते त्या प्राण्याकडून मिळणारच नसते. घेणारा ते वसूल करायला जातो आणि त्याची किंमत पिल्लू मोजते.

यावर लगेच उत्तर येते की काही दिवसांनी साप माणसाळतो, चावत नाही, हातावर शांत पडून राहतो. तो चावत नाही हे खरे. पण त्या शांततेचा अर्थ काय लावायचा? कुत्रा घाबरला तर कुईकुई करतो, मांजर कान पाडते, गाय हंबरते. सापाला आवाज नाही, पापण्या नाहीत, चेहऱ्यावर भाव उमटवणारे स्नायू नाहीत. त्याचा ताण दिसतो तो खाणे सोडण्यात, काचेवर नाक घासत राहण्यात, शेपटी थरथरवण्यात किंवा उग्र वासाचा स्राव सोडण्यात. आणि ही चिन्हे ओळखायला सवयीची नजर लागते. बाकी वेळ तो फक्त सोसतो, आणि सोसण्यालाच आपण ओढ समजतो. सापाला काहीच कळत नाही असेही नाही. रॉचेस्टर विद्यापीठातील डेव्हिड होल्ट्झमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कॉर्न स्नेकच्या लहान पिल्लांवरच एक प्रयोग प्रसिद्ध केला. उजेडाने भरलेल्या मोकळ्या रिंगणात आठ भोके होती आणि त्यांतल्या एकाच भोकातून आडोशाला जाता येत होते. पिल्ले सरावाने ती वाट शिकली आणि दिवसागणिक ती अधिक लवकर शोधू लागली. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये याच जातीला लहान आणि मोठ्या पेट्यांत ठेवून पाहिले, तेव्हा ऐसपैस जागेत साप अधिक हालचाल करताना आढळले. या दोन्ही निरीक्षणांतून एवढे नक्की कळते की या प्राण्याला जागेची समज आहे आणि उघड्यावरून निसटण्याची प्रबळ इच्छा आहे. माणसाचा हात ही त्याच्या दृष्टीने उघड्यावरचीच जागा.

आता हे नियम सिल्लोडच्या हवेत आणून पाहू. सापाला स्वतःची ऊब तयार करता येत नाही. परिसराचे तापमान हेच त्याच्या पचनाचे, झोपेचे आणि आजारातून उठण्याचे साधन. म्हणून पेटीचे एक टोक साधारण २८ ते ३१ अंश सेल्सिअस आणि दुसरे २२ ते २४ अंश राखावे लागते, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलतो. हा सल्ला थंड देशांत तयार झाला. तिथे घरातली हवा थंड असते, म्हणून खाली गरम चटई घातली आणि नियंत्रक जोडला की काम भागते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, कधी ओलांडतो. पत्र्याच्या किंवा थेट गच्चीखालच्या खोलीत दुपारी पेटीचे थंड टोकच उरत नाही, आणि पस्तिशीपुढची उष्णता या सापाच्या जिवावर उठते. जंगली साप अशा वेळी बिळात, दगडाखाली, ओलाव्याला खोल जातो. प्लास्टिकच्या डब्यातल्या पिल्लाला खोल जायला जागाच नसते. म्हणजे इथे प्रश्न गरम करण्याचा नसून थंड ठेवण्याचा, आणि त्यासाठी उन्हाळाभर एक खोली अखंड गार ठेवावी लागणार. वीज गेली तर काय? डिसेंबर-जानेवारीच्या रात्री डोंगरपट्ट्यात पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा उलट्या दिशेचा तोच प्रश्न. घरातल्या म्हाताऱ्यांना कुलर मिळण्याची मारामार असलेल्या गावात सापासाठी हे सगळे कोण करणार, असा प्रश्न कोणी विचारला तर तो कुजकट मानू नये. तो रोकडा हिशेब आहे.

खाण्याचेही तसेच. परदेशांत सापांसाठी गोठवलेले उंदीर दुकानात मिळतात. ते कोमट करून चिमट्याने द्यायचे असतात. तालुक्याच्या गावात असे दुकान नसते. मग जिवंत उंदीर आणणे आले, आणि त्याला दोन बाजूंनी धोका आहे. मोठा झालेला जिवंत उंदीर सापालाच चावे घेऊन जखमी करतो. घरातला किंवा शेतातला पकडून आणलेला असेल तर त्याच्यासोबत परजीवी येतात, कधी विषारी आमिषाचा अंशही. शिवाय एका प्राण्याला बंदिस्त करून दुसऱ्याचे भक्ष्य म्हणून केवळ करमणुकीखातर पुढे करणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मित्रमंडळ जमवून ‘जेवणाचा कार्यक्रम’ चित्रित करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आजारपणाचे काय? गाई-म्हशी, शेळ्यांवर उत्तम उपचार करणारे पशुवैद्यक गावोगाव आहेत, पण सापाच्या श्वसनमार्गाचा संसर्ग किंवा त्याच्या पचनमार्गात मुरणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी ओळखणे ही वेगळी विद्या आहे. त्यासाठी छत्रपती संभाजीनगर गाठायचे म्हटले तरी साठ-पासष्ट किलोमीटर, आणि तिथेही असा तज्ज्ञ हाताशी असेलच असे नाही. हा साप नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो आणि चार-पाच फूट वाढतो. आज दहावीत असलेला मुलगा नोकरीसाठी पुण्याला जाईल, लग्न करील, त्याला मूल होईल, तोवर पेटीतला साप जगायचाच आहे. तो कोणी सांभाळायचा, याचे उत्तर विकत घेण्याच्या दिवशी तयार हवे.

हौशी मंडळींचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. ते म्हणतात, आजचे कॉर्न स्नेक जंगलातून पकडलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जन्मलेले आहेत, पांढरे, गुलाबी, राखाडी असे रंग माणसाने निवडून काढलेले आहेत. मग कुत्र्या-मांजरांना एक न्याय आणि त्यांना दुसरा का? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पैदाशीतला साप हा जंगलातून ओरबाडलेल्या सापापेक्षा नैतिकदृष्ट्या बरा, हे मान्य करायलाच हवे. पण कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने बदलत आला. आज्ञा ऐकणारा, शेपटी हलवणारा, राखणीला बसणारा कुत्रा प्रत्येक पिढीत पुढे नेला गेला. त्याची सोबतीची गरज आता त्याच्या रक्तात आहे. सापाच्या बाबतीत काही दशकांत निवडला गेला तो रंग. पिवळ्या रंगाच्या आणि पांढऱ्या रंगाच्या पिल्लाला लपण्याची गरज तेवढीच, उबेची तेवढीच, आणि माणसाची शून्य. कुत्र्याला एकटे बांधून ठेवले तर आपण त्याला निर्दय म्हणतो. सापाला सतत सोबत दिली तर तेच म्हणायला हवे. दोघांना एकच न्याय लावायचा, तर ज्याला जे हवे ते द्यायचे हाच तो न्याय.

दुसरा आक्षेप शिक्षणाचा. साप हातात घेतला की मुलांची भीती जाते, भीती गेली की साप मारणे थांबते, असे सांगितले जाते. हेतू चांगला आहे, पण सिल्लोडच्या मुलाला नेमके काय शिकायला हवे याचा विचार करा. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे; त्यांत बहुसंख्य ग्रामीण भागातली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या जिल्ह्यांत आहेत. पाणी भरायला रात्री मक्यात शिरणाऱ्या मुलाला सापाची भीती घालवून चालणार नाही. त्याला साप ओळखता आला पाहिजे, हातात बॅटरी आणि पायात बूट असले पाहिजेत, दंश झाला तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखान्यात पोहोचायचे हे पक्के ठाऊक असले पाहिजे. परदेशी नारिंगी साप हाताळून यातले काहीच येत नाही. उलट ‘साप हातात घेता येतो’ एवढाच एक धडा मनावर कोरला जातो, आणि बांधावर वेटोळे करून बसलेल्या घोणशीसमोर तोच धडा घातक ठरतो. सापाविषयी आदर वाढवायचा तर तो अंतर राखूनच वाढवावा लागेल.

अंतराचा हा धडा महाराष्ट्राने एकदा घेतला आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून त्यांची पूजा आणि मिरवणूक होत असे. गावाची श्रद्धा खरी होती आणि नाग पकडणाऱ्यांचे कसबही मोठे होते. तरीही मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर नागांना असे पकडून मिरवण्यावर बंधने आली, कारण श्रद्धा कितीही निर्मळ असली तरी हाताळणीचा त्रास सापालाच होतो. आदेशांवरून वाद झाले, अजूनही होतात. पण प्रेम आहे म्हणून पकडण्याचा हक्क मिळत नाही, हे तत्त्व राज्यात रुजले. गारुड्यांच्या टोपल्याही त्याच कारणाने गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पोट भरणाऱ्या गरीब माणसाला आपण सांगितले की साप टोपलीत ठेवणे गुन्हा आहे. आता तोच साप परदेशी जातीचा, काचेच्या पेटीत आणि सुखवस्तू घरात आला म्हणून नजर फिरवायची, हे न्यायाला धरून नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: बंदी घातली तर व्यापार चोरवाटेने चालेल. यात तथ्य आहे, म्हणूनच सरसकट बंदीऐवजी कायद्यातली फट बुजवण्याची मागणी मला अधिक योग्य वाटते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइट्सच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची झाली. पण ही यादी आंतरराष्ट्रीय व्यापारामुळे धोक्यात येऊ शकणाऱ्या प्राण्यांची आहे. कॉर्न स्नेकची जात जगात मुबलक आहे, म्हणून तो यादीबाहेर, म्हणून नोंदणीबाहेर. परवान्याशिवाय तो देशात आणणे बेकायदा. एकदा आत आला की मात्र कोणाच्या घरी किती आहेत, किती मेले, किती निसटले, याची दप्तरी नोंद कुठेच होत नाही. जात दुर्मीळ आहे की नाही हा निकष व्यापार रोखण्यासाठी ठीक आहे. पाळीव प्राण्याची जबाबदारी ठरवायला आणि परिसराचे रक्षण करायला तो अपुरा आहे.

परिसराचा मुद्दा काल्पनिक नाही. कंटाळलेला किंवा घाबरलेला मालक शेवटी काय करतो? डोंगराच्या कडेला जाऊन डबा उघडतो आणि आपण त्याला स्वातंत्र्य दिले असे समजतो. पेटीत वाढलेली बहुतेक पिल्ले उन्हाने, उपासमारीने किंवा घारी-मुंगसांच्या तावडीत सापडून मरतील. पण काही जगलीच तर? कॅरिबियनमधल्या काही बेटांवर, उदाहरणार्थ ग्रँड केमनवर, हाच कॉर्न स्नेक माणसांमार्फत पोहोचला आणि स्थायिक झाला. स्पेनच्या ग्रान कॅनारिया बेटावर पाळण्यातून सुटलेल्या कॅलिफोर्नियन किंगस्नेकने तिथल्या सरड्यांचा फडशा पाडला; फ्लोरिडाच्या दलदलीत ब्रह्मदेशी अजगराने काय केले ते सर्वश्रुत आहे. बेटे नाजूक असतात आणि दख्खन बेट नाही, हे खरे. तरी परदेशी सापासोबत येणारे परजीवी आणि बुरशी यांना बेटच लागते असे नाही. आपल्याकडे तस्कर नावाचा, स्वभावाने आणि राहणीने कॉर्न स्नेकच्या जवळचा बिनविषारी साप आहे. एकेकाळी शास्त्रज्ञ दोघांना एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) धरत. पाहुण्याचा आजार घरच्याला लागणे इथे सर्वांत सोपे.

आणि घरच्यांकडे आपले लक्ष तसेही कमीच आहे. मक्याच्या शेतात जे काम अमेरिकेत कॉर्न स्नेक करतो ते सिल्लोडमध्ये धामण करते. सहा-सात फूट लांब, चपळ, बिनविषारी. जिथे मांजर पोहोचत नाही त्या बिळात शिरून ती उंदरांची पिल्ले खाते. शेतकऱ्याकडून ती एक पैसा घेत नाही. बदल्यात तिच्या वाट्याला येतात त्या दंतकथा: ती गाईचे पाय बांधून दूध पिते, तिच्या शेपटीत काटा असतो, ती नागाची जोडीदारीण असते. यांतली एकही खरी नाही. सापाच्या तोंडाची रचना दूध ओढण्याजोगी नसतेच. सोंगणीच्या वेळी ती बाहेर पडते आणि काठी आधी उठते, ओळख नंतर होते. बागेभोवतीच्या नायलॉनच्या जाळ्यात ती अडकते ते वेगळेच. दुरुस्त कायद्याने धामणीला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्यांच्या यादीत बसवले आहे, हे किती बांधांवर माहीत आहे? सापावर खरोखर जीव असलेल्या तरुणाला इथे हवे तेवढे काम आहे, आणि त्यासाठी एकही साप विकत घ्यावा लागत नाही.

ज्यांच्या घरी कॉर्न स्नेकचे पिल्लू आधीच आले आहे, त्यांना दोष देत बसण्यात अर्थ नाही. त्यांनी त्याला नीट वाढवावे: दोन आडोसे, पक्के झाकण, मोजलेले तापमान, उन्हाळ्याची आधीच केलेली तजवीज, आणि हात शक्यतो खिशात. त्याची पैदास करू नये आणि काहीही झाले तरी त्याला बाहेर सोडू नये. सांभाळणे अशक्य झाले तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून मार्ग विचारावा. ज्यांनी अजून घेतलेले नाही, त्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: महिनाभर दिसला नाही, वर्षभर हातात घेतला नाही, तरी हा प्राणी मला हवा आहे का? याचे प्रामाणिक उत्तर ‘हो’ असेल अशी माणसे आहेत, पण ती थोडी आहेत आणि त्यांना चित्रफितींची गरज लागत नाही.

सरकारने मात्र दोन गोष्टी कराव्यात. साइट्सच्या यादीत असो वा नसो, प्रत्येक परदेशी सरपटणाऱ्या प्राण्याची नोंदणी सक्तीची करावी; आणि विकणाऱ्यावर प्राणी परत घेण्याची जबाबदारी टाकावी, म्हणजे वीस वर्षांचे ओझे किमतीत दिसू लागेल आणि निम्मी हौस तिथेच थंड होईल. तिसरे काम दिल्ली-मुंबईच्या कायद्यावाचून सिल्लोडमध्येच होण्यासारखे आहे. मक्याच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात हजारो शेतकरी येतात. चार विषारी साप आणि धामण, तस्कर यांची मोठी छायाचित्रे, दंश झाल्यावर काय करायचे ते आणि जवळच्या सर्पमित्राचा क्रमांक, एवढे एका फलकावर लावायला फार पैसे लागत नाहीत. या हंगामात समितीने तो लावावा.